विश्लेषण : ३५ हजारांचा पराभव ते ९१ हजारांचा विजय, विलासराव देशमुख आणि लातूर मतदारसंघाचे नाते कसे घडले?

विलासराव देशमुख दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. केंद्रात त्यांनी तीन-चार खाती सांभाळली. पण त्यांच्या राजकारणाचा खरा ताळेबंद लातूर विधानसभा मतदारसंघाच्या निकालपत्रात सापडतो. १९८० ते २००४ या काळात त्यांनी येथून सहा निवडणुका लढवल्या. पाच जिंकले, एक हरले. त्या एका पराभवाने त्यांचे राजकारण जवळपास संपवले होते आणि त्यानंतरच्या विजयाने त्यांना थेट मुख्यमंत्रीपदापर्यंत नेले. लातूरने त्यांना का निवडले, का नाकारले आणि पुन्हा का स्वीकारले, याचा हा आढावा.

विलासरावांच्या आधीचे लातूर कसे होते?

लातूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बाजारपेठेचे गाव. तूर, हरभरा, करडई, गूळ यांच्या आडत बाजारामुळे ते नावारूपाला आले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता.

सुरुवातीच्या काळात केशवराव सोनवणे हे येथील काँग्रेसचे मोठे नाव. पण लातूर कधीच एका पक्षाच्या दावणीला कायमचे बांधलेले नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत समाजवादी विचारांचे डॉ. बापू काळदाते येथून विधानसभेत गेले. राज्यभर काँग्रेसचे वर्चस्व असताना लातूरने विरोधी पक्षातील फर्डा वक्ता निवडून दिला, ही गोष्ट पुढचे निकाल समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

त्यानंतर शिवराज पाटील चाकूरकरांचा काळ आला. लातूरचे नगराध्यक्ष राहिलेले चाकूरकर सत्तरच्या दशकात येथून आमदार झाले. पुढे ते विधानसभेचे उपाध्यक्ष आणि अध्यक्षही झाले. १९८० मध्ये ते लोकसभेवर गेले आणि लातूर विधानसभेची जागा मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेवर बाभळगावचा एक तरुण वकील उभा राहिला.

बाभळगावचा सरपंच विधानसभेत कसा पोहोचला?

विलासराव दगडोजीराव देशमुख यांचा जन्म २६ मे १९४५ रोजी लातूरजवळच्या बाभळगावात झाला. घराणे देशमुखीचे, जमीनजुमल्याचे. शिक्षणासाठी ते पुण्याला गेले. गरवारे महाविद्यालयातून पदवी आणि पुढे आयएलएस विधी महाविद्यालयातून कायद्याचे शिक्षण घेऊन ते गावाकडे परतले.

त्यांच्या राजकारणाची सुरुवात ग्रामपंचायतीपासून झाली. १९७४ मध्ये ते बाभळगावचे सरपंच झाले. त्याच सुमारास उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती झाले. १९७५ ते १९७८ या काळात ते उस्मानाबाद जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्ष होते. आणीबाणी, त्यानंतरचा काँग्रेसचा पराभव आणि पक्षाची फूट हा सगळा काळ त्यांनी जिल्हा पातळीवरून पाहिला. १९७८ नंतर अनेकांनी वाटा बदलल्या, पण विलासराव इंदिरा गांधींच्या काँग्रेससोबत राहिले.

१९८० च्या फेब्रुवारीत शरद पवार यांचे पुलोद सरकार बरखास्त झाले आणि मे महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. इंदिरा काँग्रेसने राज्यात १८६ जागा जिंकल्या. त्यात लातूरही होते. पस्तिशीतले विलासराव आमदार झाले. शेजारच्या रेणापूर मतदारसंघातून त्याच निवडणुकीत भाजपचे गोपीनाथ मुंडेही पहिल्यांदा विधानसभेत पोहोचले. पुढे या दोघांची पक्षापलीकडची मैत्री राज्यात गाजली.

सलग तीन विजयांमागे काय होते?

१९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग तीन निवडणुका विलासरावांनी जिंकल्या. यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले, नवा जिल्हा. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा बँक अशी सत्तेची नवी केंद्रे थेट लातूर शहरात आली. तालुक्याचे गाव जिल्ह्याचे शहर झाले आणि त्या शहराचा आमदार आपोआप जिल्ह्याचा नेता झाला.

दुसरे, सहकार. मांजरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतून ऊस उत्पादक शेतकरी, सभासद, तोडणी-वाहतूक यंत्रणा आणि कामगार यांचे जाळे तयार झाले. तेव्हाच्या लातूर मतदारसंघात शहरासोबत आजूबाजूची बरीच गावेही होती. त्यामुळे कारखान्याचे जाळे मतपेटीपर्यंत पोहोचत होते.

तिसरे, मंत्रिपदे. १९८० च्या दशकात ते आधी राज्यमंत्री आणि नंतर कॅबिनेट मंत्री झाले. गृह, सहकार, महसूल, शिक्षण, कृषी अशी वेगवेगळी खाती त्यांच्याकडे येत गेली. मुंबईत कामे करून घेणारा लातूरचा माणूस, अशी त्यांची ओळख तयार झाली. हसतमुख स्वभाव, हजरजबाबी भाषणे आणि नावानिशी माणसे लक्षात ठेवण्याची सवय यांचीही त्यात भर पडली.

पण मंत्रिपदासोबत राज्याच्या गटबाजीतही ते ओढले गेले. जानेवारी १९९१ मध्ये मुख्यमंत्री शरद पवार यांच्याविरोधात मंत्र्यांच्या एका गटाने बंड केले. विलासराव त्या गटात होते. बंड फसले, पवार मुख्यमंत्रीपदी राहिले. विलासरावांचे राजकीय लक्ष मात्र दिवसेंदिवस लातूरपेक्षा मुंबईकडे अधिक वळत गेले.

१९९५ मध्ये नेमके काय घडले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. पुढची दोन वर्षे जिल्ह्याचे जगणे पुनर्वसनाभोवती फिरत राहिले. याच काळात राज्यात काँग्रेसविरोधी वातावरण तापत होते. १९९२-९३ ची मुंबईतील दंगल, बॉम्बस्फोट आणि भ्रष्टाचाराचे आरोप या मुद्द्यांवर शिवसेना-भाजप युतीने राज्य ढवळून काढले होते.

१९९५ च्या निवडणुकीत काँग्रेस ८० जागांवर घसरली. शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. म्हणजे मतदार फक्त युतीकडे वळले नव्हते, प्रस्थापितांना नाकारण्यासाठी हाताशी जो पर्याय होता त्याला मत देत होते.

लातूरमध्ये तो पर्याय होता जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर. त्यांनी विलासरावांचा सुमारे ३५ हजार मतांनी पराभव केला. येथे युतीची लाट थेट जिंकली नाही, हे महत्त्वाचे. लातूरकरांनी युतीबाहेरच्या, स्थानिक उमेदवाराला कौल दिला. सलग १५ वर्षे आमदार आणि त्यातील बराच काळ मंत्री राहिलेल्या नेत्याला घरच्याच मतदारांनी बाजूला केले होते.

या निकालाची दुसरी बाजूही बोचरी होती. ज्या निवडणुकीत विलासराव घरी बसले, त्याच निवडणुकीनंतर त्यांचे मित्र गोपीनाथ मुंडे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले.

अर्ध्या मताचा पराभव म्हणजे काय?

पराभवानंतर विलासरावांनी मागच्या दाराने परतण्याचा प्रयत्न केला. १९९६ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या चौकटीबाहेर जाऊन विधान परिषदेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली. शिवसेनेच्या मदतीवर त्यांची भिस्त असल्याची चर्चा होती. येथेही ते हरले, आणि तेही अवघ्या अर्ध्या मताने, असे राज्याच्या राजकारणात आजही सांगितले जाते.

मत अर्धे कसे असू शकते, हा प्रश्न साहजिक आहे. विधानसभेचे आमदार जेव्हा विधान परिषदेचे सदस्य निवडतात, तेव्हा मतदान पसंतीक्रमाने होते. प्रत्येक आमदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते. विजयासाठी ठरावीक कोटा असतो. एखाद्या उमेदवाराला कोट्यापेक्षा जास्त मते मिळाली, तर वरची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण कमी मूल्याने. त्यामुळे अखेरचा फरक पूर्ण मताऐवजी मताच्या अंशात येऊ शकतो.

हा पराभव विलासरावांच्या आयुष्यातला सर्वात लहान होता आणि कदाचित सर्वात निर्णायकही. तेव्हा ते जिंकले असते, तर अपक्ष आमदार म्हणून युतीच्या जवळ गेले असते आणि १९९९ मध्ये काँग्रेसकडून मुख्यमंत्री होण्याची वाट बंद झाली असती, असे मानणारे अनेक जण आहेत. हरल्यामुळे त्यांच्यापुढे एकच रस्ता उरला. काँग्रेसमध्ये परतायचे आणि लातूरच्या मतदारांसमोर पुन्हा उभे राहायचे.

१९९९ चा विजय इतका मोठा का ठरला?

पुढची तीन-चार वर्षे विलासरावांनी मतदारसंघात काढली. सत्ता नव्हती, त्यामुळे फायलींचा धाक नव्हता. होते ते फक्त जुने संबंध आणि कारखान्याभोवतीचे जाळे. दरम्यान युती सरकारबद्दलची नाराजीही वाढत होती.

जून १९९९ मध्ये शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला. काँग्रेसची मते विभागली जाणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. अशा वेळी लातूरमधून विलासराव सुमारे ९१ हजार मतांच्या फरकाने निवडून आले. तेव्हाचे ते राज्यातील सर्वाधिक मताधिक्य होते.

आकड्यांत पाहिले तर १९९५ ची ३५ हजारांची पिछाडी आणि १९९९ ची ९१ हजारांची आघाडी, म्हणजे फरक सुमारे सव्वा लाख मतांचा. एका मतदाराने बाजू बदलली की फरक दोन मतांनी बदलतो. या साध्या हिशेबाने पाहिले तरी साठ हजारांच्या आसपास मतदारांनी मन बदलल्यासारखा हा पालट होता. नवे मतदार आणि बदललेले उमेदवार धरूनही लातूरने दिलेला हा कौल असाधारण होता.

राज्यात काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८, शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेसना एकत्र येणे भाग पडले. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव मुख्यमंत्री झाले. चार वर्षांपूर्वी आमदारकी गमावलेला माणूस आता राज्याच्या सर्वोच्च पदावर होता.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचा काळ कसा होता?

पहिला कार्यकाळ आघाडी टिकवण्यातच बराचसा गेला. जून २००२ मध्ये सरकार अडचणीत आले, तेव्हा आमदारांना बेंगळुरूला हलवण्यात आले आणि विश्वासदर्शक ठराव जिंकून सरकार वाचले. पण पक्षांतर्गत धुसफूस थांबली नाही. जानेवारी २००३ मध्ये त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे याच पहिल्या कार्यकाळात सुरू झाले. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये मिळाले.

२००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. जागा कमी असूनही मुख्यमंत्रीपद काँग्रेसकडे राहिले आणि १ नोव्हेंबर २००४ रोजी विलासराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. या काळात २६ जुलै २००५ चा मुंबईतील महापूर, ११ जुलै २००६ चे रेल्वेतील बॉम्बस्फोट आणि विदर्भातील शेतकरी आत्महत्या अशी संकटे एकामागून एक आली. निवडणुकीआधी जाहीर झालेली शेतकऱ्यांची मोफत वीज २००५ मध्ये बंद झाली आणि त्यावर मोठी टीका झाली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर ते ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. त्यावरून देशभर संताप उसळला. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांना पद सोडावे लागले आणि मुख्यमंत्रीपद लातूरहून शेजारच्या नांदेडच्या अशोक चव्हाण यांच्याकडे गेले.

त्यांच्या कारकिर्दीवरचा आणखी एक डाग न्यायालयातून आला. मुख्यमंत्री असताना एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्धच्या तक्रारीत त्यांच्या कार्यालयाने पोलिसांच्या कामात हस्तक्षेप केल्याचा ठपका ठेवत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला १० लाख रुपयांचा दंड केला. शेतकऱ्यांच्या प्रदेशातून आलेल्या नेत्यासाठी हा ठपका विशेष अडचणीचा होता.

मतदारसंघाचे दोन तुकडे कसे झाले?

२००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना लागू झाली. जुन्या लातूर मतदारसंघाच्या जागी २३४ लातूर ग्रामीण आणि २३५ लातूर शहर असे दोन मतदारसंघ आले. मुंडेंचा रेणापूर मतदारसंघ नकाशावरून गेला आणि त्याचा काही भाग लातूर ग्रामीणला जोडला गेला.

हा बदल फक्त रेषांचा नव्हता. विलासरावांचे यश शहर आणि खेडी यांच्या बेरजेवर उभे होते. बाजारपेठेतील व्यापारी आणि शिक्षण संस्थांमधील मध्यमवर्ग एका बाजूला, ऊस उत्पादक दुसऱ्या बाजूला. फेररचनेने ही बेरीज मोडली. शहरात पाणी, रस्ते, कचरा, शिकवण्या आणि नोकऱ्या हे प्रश्न पुढे आले. ग्रामीण भागात सोयाबीनचा भाव आणि उसाचे बिल.

विलासराव स्वतः मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले. अवजड उद्योग, ग्रामविकास आणि नंतर विज्ञान-तंत्रज्ञान ही खाती त्यांनी सांभाळली. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या उपोषणावेळी सरकारचा निरोप घेऊन रामलीला मैदानावर जाण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. इकडे २००९ मध्ये त्यांचे पुत्र अमित देशमुख लातूर शहरमधून सुमारे ८९ हजारांच्या फरकाने विजयी झाले. २०११ मध्ये लातूर नगरपालिकेची महापालिका झाली.

यकृत आणि मूत्रपिंडाच्या आजारामुळे १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत विलासरावांचे निधन झाले. ते ६७ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, बाभळगावात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गर्दीत गोपीनाथ मुंडेंसह सर्व पक्षांचे नेते होते.

त्यांच्यानंतर लातूरचा कौल कुठे झुकला?

लातूर शहरची जागा काँग्रेसकडे राहिली, पण मताधिक्याचा आलेख उतरता आहे. २००९ मध्ये सुमारे ८९ हजार, २०१४ मध्ये सुमारे ४९ हजार, २०१९ मध्ये सुमारे ४० हजार आणि २०२४ मध्ये साडेसात हजारांहून कमी. २०२४ मध्ये अमित देशमुख यांच्यासमोर भाजपच्या अर्चना पाटील चाकूरकर होत्या, म्हणजे विलासरावांआधी या जागेवर असलेल्या शिवराज पाटील यांच्या सूनबाई. जुन्या लातूर मतदारसंघाच्या दोन आमदारांची घराणी पहिल्यांदा अशी आमनेसामने आली.

लातूर ग्रामीणचा प्रवास अधिक नाट्यमय आहे. २०१९ मध्ये विलासरावांचे धाकटे पुत्र धीरज देशमुख तेथून प्रचंड फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर चक्क नोटा राहिला. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, भाजपचे रमेश कराड यांनी तीच जागा हिसकावली.

मधल्या काळात शहरानेही इशारे दिले होते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतरच्या वर्षी, २०१७ च्या महापालिका निवडणुकीत, भाजपने ७० पैकी ३६ जागा जिंकून सत्ता घेतली. २०१४ आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीतही लातूर भाजपकडे गेले, तर २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसकडे आले. लोकसभेला एक, विधानसभेला दुसरा, महापालिकेला तिसरा विचार, असे येथील मतदाराचे वागणे आहे.

या सगळ्यातून काय दिसते?

लातूर हा एका घराण्याचा बालेकिल्ला मानला जातो. निकालांचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. १९६७ मध्ये काळदाते, १९९५ मध्ये कव्हेकर, २००४ च्या लोकसभेत भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून खुद्द चाकूरकरांचा पराभव, २०१७ ची महापालिका, २०२४ चे लातूर ग्रामीण. साधारण प्रत्येक पिढीत एकदा तरी लातूरने आपल्या सर्वात मोठ्या नावाला घरी पाठवले आहे.

विलासरावांचे वेगळेपण असे की नाकारले गेल्यानंतर त्यांनी मतदारसंघ बदलला नाही. विधान परिषदेचा आडमार्ग बंद झाल्यावर ते त्याच मतदारांकडे गेले, ज्यांनी त्यांना पाडले होते. त्याच मतदारांनी त्यांना राज्यातले सर्वात मोठे मताधिक्य दिले. साडेसात हजारांच्या आतबाहेर आलेल्या आजच्या लातूर शहरात, पुढच्या निवडणुकीला उभे राहणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला १९९५ आणि १९९९ हे दोन्ही निकाल शेजारी ठेवूनच वाचावे लागतील.